डीजे मिक्सर बदलताना: कोणता घ्यावा, कसा पारखावा

मिक्सर, म्हणजे दोन-तीन गाणी एकमेकांत मिसळणारं यंत्र, बदलायचं मनात आलं की आपण आधी नव्या मिक्सरचे व्हिडिओ बघायला बसतो. चॅनेल (प्रत्येक गाण्याचा आवाज आत येण्याची वेगळी वाट) किती, इफेक्ट किती, बटणांचे दिवे कसे लागतात. आठवडाभरात पाच-सहा नावं डोक्यात घोळायला लागतात आणि आपलं नेमकं कुठे अडतंय हा मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. मी बरीच वर्षं रेकॉर्डवर आणि लॅपटॉपवर, दोन्हींवर वाजवते. तीनदा मिक्सर बदलला आहे. नव्याने या वाटेला लागलेल्यांना माझं सांगणं एकच असतं: निवड आपल्या हातांवरून करा. सेटभर हात कुठे जातात, कुठे अडखळतात, कशाला शिवतही नाहीत, हे कळलं की बाजारातले निम्म्याहून जास्त मिक्सर आपोआप गळून पडतात.

कंट्रोलरवर शिकलेल्यांनी एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. कंट्रोलरमध्ये डेक (गाणं वाजवणारा भाग) आणि मिक्सर एकाच डब्यात असतात, आणि बऱ्याच कंट्रोलरमध्ये आवाज मिसळण्याचं काम लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअरच करतं. स्वतंत्र मिक्सर घेतला की त्याला जोडायला टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवणारं यंत्र) किंवा मीडिया प्लेअरही लागतात. तेव्हा खर्चाचा आणि जागेचा हिशोब एकट्या मिक्सरचा नसतो, अख्ख्या मांडणीचा असतो.

पहिली पायरी: स्वतःचा एक सेट बघा

फोन वरून खाली मिक्सरकडे बघेल असा लावा आणि तासभर वाजवा. नेहमीसारखंच वाजवा, कॅमेरा आहे म्हणून वेगळं काही करू नका. दुसऱ्या दिवशी आवाज बंद करून तो व्हिडिओ बघा आणि कागदावर खुणा करत जा. बेसचा नॉब फिरवला, एक रेघ. फिल्टर (वरचे किंवा खालचे स्वर छाटणारा नॉब) फिरवला, एक रेघ. क्रॉसफेडर (एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी आडवी सरकपट्टी) हलवला, एक रेघ.

माझ्या कागदावर बेसच्या नॉबपुढे रेघांची गर्दी झाली होती, त्याखालोखाल चॅनेल फेडर, म्हणजे एकेका चॅनेलचा आवाज कमी-जास्त करणारी उभी सरकपट्टी. हेडफोनमधला क्यू (फक्त आपल्याला ऐकू येणारं पुढचं गाणं) आणि मास्टर (सगळ्यांना ऐकू जाणारा आवाज) यांचा तोल बदलणारा नॉब मी दर गाण्याला दोन-तीनदा फिरवत होते, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. ज्या इफेक्टसाठी मी मोठा मिक्सर बघत होते, त्यांच्यापुढे तासाभरात फक्त चार रेघा होत्या. चारही इकोच्या.

त्याच कागदाच्या पाठीमागे हल्लीच्या मिक्सरवर काय अडलं तेही लिहून काढा. 'हेडफोनचा आवाज पुरत नाही.' 'तिसरा डेक लावायला जागा नाही.' 'एका चॅनेलला खरखर आहे.' यातली खरखर कधी कधी फेडर स्वच्छ केला किंवा बदलला की जाते. खरखर एवढीच तक्रार असेल तर नवा मिक्सर घ्यायची घाई करू नका.

दुसरी पायरी: काय काय जोडायचं आहे ते मोजा

इथे सगळ्यात जास्त घोटाळे होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

टर्नटेबलच्या सुईतून येणारा सिग्नल फार नाजूक असतो, काही मिलिव्होल्टचा. मीडिया प्लेअर किंवा ड्रम मशीनमधून येणारा लाइन सिग्नल त्याच्या शेकडो पट मोठा असतो. शिवाय रेकॉर्ड कापताना बेस मुद्दाम कमी केलेला असतो आणि वरचे स्वर वाढवलेले असतात. तसं केलं नाही तर बेसच्या खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूवर फारसं काही मावणारच नाही. ते परत मूळ तोलावर आणण्याचं काम मिक्सरमधला फोनो प्रीअँप, म्हणजे टर्नटेबलचा नाजूक सिग्नल वाढवणारं सर्किट, करतो. उलटसुलट करण्याचं हे गणित आरआयएए वक्र म्हणून ओळखलं जातं आणि १९५० च्या दशकापासून तेच चालत आलं आहे. म्हणून टर्नटेबल लाइनच्या भोकात लावलं तर आवाज पातळ आणि बारीक येतो, आणि प्लेअर फोनोच्या भोकात लावला तर आवाज फाटतो.

तेव्हा मिक्सरला चार चॅनेल आहेत एवढं वाचून थांबू नका. त्यांपैकी फोनो किती चॅनेलना आहे ते बघा. चार चॅनेलच्या बऱ्याच मिक्सरमध्ये फोनो फक्त दोनच चॅनेलना असतो. दोन टर्नटेबल असणाऱ्याला तेवढं पुरतं. तिसरं आणायचं मनात असेल तर पुरत नाही. काही टर्नटेबलच्या पाठीला स्वतःचा प्रीअँप आणि फोनो-लाइनचा खटका असतो. असं टर्नटेबल मिक्सरच्या फोनोत लावताना तो खटका फोनोवरच हवा. नाहीतर सिग्नल दोनदा वाढतो आणि कितीही गेन (आत येणाऱ्या सिग्नलची पातळी) कमी केला तरी आवाज भरडच येतो. टर्नटेबलची अर्थची बारीक वायर लावायला मिक्सरच्या पाठीला स्क्रू आहे ना, हेही बघून ठेवा. ती सुटली की ५० किंवा ६० हर्ट्झची सलग घूं ऐकू येते आणि माणूस तासभर केबली बदलत बसतो.

मग दोन चॅनेल की चार? दोन डेकवर एकामागून एक गाणी लावत असाल तर दोन चॅनेलचा चांगला मिक्सर हा चार चॅनेलच्या साधारण मिक्सरपेक्षा केव्हाही बरा. तेवढ्याच पैशांत फेडर, प्रीअँप आणि नॉब जास्त चांगले मिळतात. तिसरा डेक, सँपलर (साठवलेले आवाजाचे तुकडे वाजवणारं यंत्र), ड्रम मशीन किंवा शेजारी उभा राहून वाजवणारा जोडीदार असेल तर चार घ्या. सहा चॅनेलचे मिक्सरही आहेत, उदाहरणार्थ २०२० मध्ये आलेला पायोनियरचा डीजेएम-व्ही १०. पण तो घेण्याची वेळ आलेल्याला असा लेख वाचायची गरज उरलेली नसते.

तिसरी पायरी: मिक्सरची जात ठरवा

बॅटल मिक्सर अरुंद असतो, साधारण २५ ते ३० सेंटिमीटर. दोन टर्नटेबलच्या मधे तो नेमका बसतो, हात दोन्ही रेकॉर्डवर सहज जातो. त्याच्या पुढच्या भागात मुद्दाम मोकळी जागा सोडलेली असते, कारण स्क्रॅच करताना, म्हणजे रेकॉर्ड हाताने पुढे-मागे करून आवाज काढताना, क्रॉसफेडरवर बोटं वेगाने हलतात आणि मधे नॉब आला तर मनगट आपटतं. रेनचा सेव्हंटी-टू किंवा पायोनियरचा डीजेएम-एस ११ ही या जातीची उदाहरणं.

क्लब मिक्सर साधारण ३२ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त रुंद, बहुधा चार चॅनेलचा. पायोनियरचा २०१६ चा डीजेएम-९०० नेक्सस २ आणि २०२३ चा डीजेएम-ए ९ हे क्लबांत वारंवार भेटणारे. ॲलन अँड हीथचे झोन ९२ आणि झोन ९६ टेक्नो वाजवणाऱ्यांचे लाडके, त्यांच्या फिल्टरसाठी आणि चार पट्ट्यांच्या ईक्यूसाठी (ईक्यू म्हणजे बेस, मधले आणि वरचे स्वर वेगवेगळे कमी-जास्त करणारे नॉब). तुम्हाला पुढेमागे क्लबात वाजवायचं असेल, तर तिथे जी मांडणी असते तिच्या जवळ जाणारी मांडणी घरी असावी असं माझं ठाम मत आहे. अंधारात, गर्दीत, हाताला नॉबची जागा पाठ असली पाहिजे.

तिसरी जात रोटरी. हिला चॅनेल फेडर नसतो, त्याच्या जागी मोठा गोल नॉब असतो, आणि क्रॉसफेडर बहुधा नसतोच. डीजेंसाठी बनलेल्या सगळ्यात जुन्या मिक्सरांपैकी एक याच घडणीचा: १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या डिस्को क्लबांत गाजलेला, रूडी बोझॅक यांच्या कंपनीचा सीएमए-१०-२डीएल. लांबलचक, हळुवार मिसळण करणाऱ्यांना रोटरी फार आवडतो. नॉब फिरवताना आवाजाची वाढ बोटांना बारीक कळते. ज्यांच्या कागदावर क्रॉसफेडरपुढे एकही रेघ नाही, त्यांनी रोटरीला एकदा तरी हात लावून बघावा.

चौथी पायरी: ईक्यू

माझ्या दृष्टीने मिक्सरचा जीव इथे आहे.

१२५ बीपीएमची (मिनिटाला १२५ ठोक्यांची) दोन गाणी एकत्र चालू आहेत असं धरा. बत्तीस ठोक्यांचा एक फेरा म्हणजे साधारण १५ सेकंद. त्या १५ सेकंदांत येणाऱ्या गाण्याचा बेस बंद ठेवून त्याचे वरचे स्वर आत घ्यायचे, जाणाऱ्या गाण्याचे मधले स्वर थोडे उतरवायचे, आणि फेरा संपताना दोन्ही हातांनी एका क्षणात बेसची अदलाबदल करायची. डावा नॉब खाली, उजवा मध्यावर. ही अदलाबदल अर्धा ठोका उशिरा झाली तर दोन बेस एकमेकांवर चढतात आणि सगळा आवाज चिखलासारखा होतो. आता विचार करा, ते दोन नॉब एकमेकांना इतके चिकटून असतील की बोटं शेजारच्या नॉबला लागतात, तर हे कसं जमणार?

म्हणून दुकानात किंवा मित्राकडे मिक्सर बघताना आधी नॉब धरा. दोन बोटांत नीट येतो का? मध्यावर आला की हाताला खटका कळतो का? फिरवताना जडपणा सारखा आहे का, की मधेच सैल पडतो? मी डोळे मिटून बघते: सगळे नॉब मुद्दाम वेडेवाकडे करते आणि न बघता मध्यावर आणते. जमलं तर त्या मिक्सरशी माझं जमेल.

मग कान लावा. बेस पूर्ण खाली घेतल्यावर काय उरतं? बऱ्याच मिक्सरमध्ये ईक्यू उणे २६ डेसिबलपर्यंतच उतरतो. म्हणजे सिग्नलची उंची विसाव्या हिश्शावर येते. कमी होते खरी, पण संपत नाही. मोठ्या स्पीकरवर खालून धूसर धपधप ऐकू येत राहते. आयसोलेटर प्रकारात मात्र तो पट्टा पुरता बंद होतो. काही मिक्सरमध्ये खटक्याने दोन्हींपैकी एक निवडता येतं, डीजेएम-९०० नेक्सस २ मध्ये तशी सोय आहे. दोन गाण्यांत सफाईने अदलाबदल करणाऱ्याला आयसोलेटर आवडतो, आवाजाला हलका हात फिरवणाऱ्याला ईक्यू. आपण कोणत्या पठडीतले हे कागदावरच्या रेघांवरून कळणार नाही, त्यासाठी दोन्ही वाजवून बघायला लागेल.

ऐकायला रोजचंच गाणं घ्या, ज्याचा कणन् कण ओळखीचा आहे. सगळे नॉब मध्यावर ठेवून ऐका, मग एकेक पट्टा उतरवा. मधला पट्टा उतरवल्यावर गाणाऱ्याचा आवाज पोकळ होतो की नुसता मागे सरकतो? मला मागे सरकणारा हवा असतो.

पाचवी पायरी: फेडर

जुन्या धाटणीच्या फेडरमध्ये आवाजाचा सिग्नल कार्बनच्या पट्टीवरून थेट वाहतो. पट्टी झिजली, धूळ बसली, की खरखर. व्हीसीए पद्धतीत फेडर फक्त एक नियंत्रक व्होल्टेज पाठवतो आणि आवाज कमी-जास्त करण्याचं काम आतलं सर्किट करतं, त्यामुळे फेडर थोडा झिजला तरी आवाजात ते लगेच येत नाही. चुंबकीय आणि प्रकाशावर चालणाऱ्या फेडरमध्ये तर घासणारी पट्टीच नसते, म्हणून ते फार टिकतात. स्क्रॅच करणार असाल तर यावर पैसे खर्च करा, इथे हात आखडू नका. क्रॉसफेडर टोकापासून किती सरकवल्यावर आवाज उघडतो ते बघा. स्क्रॅचवाल्यांना ते अंतर मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं लागतं. वक्र (फेडर सरकवताना आवाज किती झटकन उघडतो ते) बदलण्याचा नॉब आणि क्रॉसफेडरची दिशा उलटी करण्याचा खटकाही त्यांना हवाच.

स्क्रॅच करत नसाल तर क्रॉसफेडरचा विचार सोडा आणि चॅनेल फेडर बघा. ४५ मिलिमीटरचे सर्रास मिळतात, ६० मिलिमीटरचे लांब फेडर हळू मिसळण करायला सोपे. क्रॉसफेडर पूर्ण बंद करण्याचा खटका असला तर उत्तम. चुकून बाही लागून गाणं गायब होण्याचा प्रसंग टळतो.

सहावी पायरी: हेडफोनचा भाग

नवीन माणूस इकडे बघतच नाही, आणि सेट बिघडतो तो नेमका इथूनच. बीट जुळवताना आपल्याला जे काही ऐकू येतं ते याच भोकातून येतं.

घरात हेडफोनचा आवाज कुठलाही मिक्सर पुरेसा देतो. प्रश्न येतो तो बूथमध्ये (क्लबात डीजे जिथे उभा राहून वाजवतो तिथे), शेजारी मॉनिटर (डीजेला ऐकायला लावलेला स्पीकर) दणदणत असताना. आवाज पूर्ण वाढवायला लागला आणि तो फाटायला लागला, की दोन किक ड्रममधला बारीकसा फरक कानाला कळत नाही. म्हणून तपासताना स्वतःचाच हेडफोन न्या. हेडफोनचा ओमचा (विद्युत रोधाचा) आकडाही माहीत असू द्या. डीजेंचे हेडफोन बहुधा कमी ओमचे असतात, सेनहायझरचा एचडी २५ हा ७० ओमचा. २५० ओमचा स्टुडिओ हेडफोन लावून 'या मिक्सरला दम नाही' म्हणणं चुकीचं ठरेल.

क्यू आणि मास्टर यांच्यातला तोल बदलणारा नॉब हवाच. माझ्या कागदाने मला ते शिकवलं: माझ्या जुन्या मिक्सरवर तो नॉब मागच्या कोपऱ्यात, बारीकसा होता, आणि दर गाण्याला माझा हात तिथे वाकडा होऊन जात होता. नवा मिक्सर निवडताना मी या एका नॉबच्या जागेमुळे दोन मिक्सर बाद केले आणि मला त्याचा कधी पश्चात्ताप झाला नाही. स्प्लिट क्यू, म्हणजे एका कानात येणारं गाणं आणि दुसऱ्या कानात चालू गाणं, हीसुद्धा उपयोगी सोय आहे, विशेषतः बूथला मॉनिटर नसेल तेव्हा. जोडीने वाजवणाऱ्यांनी हेडफोनची दोन भोकं असलेला मिक्सर बघावा. दर गाण्याला प्लग काढा-घाला करण्यात जॅक सैल होतो.

सातवी पायरी: इफेक्ट

थोडक्यात सांगते. एक चांगला फिल्टर आणि टेम्पोशी जुळणारा एक चांगला इको, एवढ्यावर वर्षानुवर्षं वाजवता येतं. इको लावून चॅनेल फेडर खाली ओढा. इकोची शेपटी विरत विरत गेली तर छान. फेडरबरोबर तीही कापली गेली तर तो इको गाण्यातून बाहेर पडायला उपयोगी नाही. बाहेरचं इफेक्ट यंत्र जोडायचं असेल तर सेंड-रिटर्नची (आवाज त्या यंत्राकडे पाठवून परत आणणारी) भोकं आहेत का बघा. बाकी तीस इफेक्टांची यादी वाचण्यात वेळ घालवू नका.

आठवी पायरी: यूएसबी आणि सॉफ्टवेअर

लॅपटॉपवर वाजवणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

टाइमकोडच्या रेकॉर्डवर गाणं नसतं, एक सलग स्वर कोरलेला असतो. सेराटो या डीजे सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डवर तो १ किलोहर्ट्झचा असतो. रेकॉर्ड हलली की तो स्वर कसा बदलतो हे सॉफ्टवेअर ऐकतं आणि त्यावरून लॅपटॉपमधलं गाणं पुढे-मागे नेतं. त्यासाठी मिक्सरमधलं साउंड कार्ड त्या सॉफ्टवेअरला चालणारं हवं. सेराटोला चालणारा मिक्सर रेकॉर्डबॉक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरला चालेलच असं नाही. दोन्ही कंपन्या आपापल्या संकेतस्थळावर चालणाऱ्या यंत्रांची यादी देतात. मिक्सर जोडला की सॉफ्टवेअरची सोय आपोआप खुली होते की परवाना वेगळा विकत घ्यायला लागतो, हेही तिथेच कळतं.

माझ्या दुसऱ्या मिक्सरच्या वेळची गोष्ट. वापरलेला होता, आवाज अगदी भरदार, नॉब लोण्यासारखे फिरणारे. मी दोन्ही टर्नटेबल लावून ऐकला, खूश झाले, घरी आणला. रात्री लॅपटॉप जोडला तर लॅपटॉपला तो दिसेचना. कंपनीने त्याचा ड्रायव्हर माझ्या लॅपटॉपवरच्या प्रणालीच्या कितीतरी आधीच अद्ययावत करणं थांबवलं होतं. मिक्सर म्हणून तो ठणठणीत होता, पण मला ज्यासाठी हवा होता ते कामच होत नव्हतं. फार वाईट वाटलं. तेव्हापासून मिक्सर बघायला जाण्याआधी मी कंपनीच्या पानावर ड्रायव्हर शोधते, तो माझ्या प्रणालीच्या आवृत्तीसाठी आहे हे वाचते, आणि तपासायला जाताना लॅपटॉप बरोबर नेते. ज्या जुन्या मिक्सरांना यूएसबीऐवजी फायरवायर आहे, ते लॅपटॉपसाठी घेऊच नका. आजच्या लॅपटॉपला ते भोकच नसतं.

दोन यूएसबी पोर्ट असले तर पुढचा डीजे तुमचं गाणं चालू असतानाच त्याचा लॅपटॉप जोडू शकतो. एकट्याने घरी वाजवणाऱ्याला त्याची गरज नाही.

नववी पायरी: मागची बाजू आणि माप

मास्टरसाठी एक्सएलआरची (तीन पिनांच्या गोल प्लगची) बॅलन्स्ड भोकं असावीत. बॅलन्स्ड केबलमध्ये एकच सिग्नल सुलट आणि उलट असा दोन तारांतून जातो. वाटेत शिरलेला गोंगाट दोन्ही तारांत सारखाच असतो, तो पलीकडच्या टोकाला वजा होतो. आरसीए केबलमध्ये (लाल-पांढऱ्या प्लगच्या साध्या केबलमध्ये) ही सोय नाही, म्हणून ती लांब ओढली की घूं पकडते. बूथसाठी वेगळं आउटपुट आणि त्याचा वेगळा नॉब हवा. रेकॉर्डिंगचं आउटपुट मास्टरच्या नॉबवर अवलंबून नसलेलं बरं, नाहीतर मास्टर कमी केला की रेकॉर्डिंगही बारीक होतं.

निवेदन करत असाल तर माइकच्या भागाला स्वतःचा ईक्यू आणि टॉकओव्हर बघा. टॉकओव्हर म्हणजे बोलायला लागलं की गाणं आपोआप खाली जातं. माइकचा आवाज बूथच्या स्पीकरमधून बंद ठेवता आला तर शिट्टी वाजण्याचा त्रास बराच कमी होतो.

आणि टेप घेऊन मोजा. मिक्सरची रुंदी, उंची, आणि खोली मोजताना मागे सहा-सात सेंटिमीटर जास्तीचे धरा, कारण एक्सएलआरचे प्लग तेवढे बाहेर येतात. डेकची आणि मिक्सरची उंची फार वेगळी असेल तर हात सारखा वर-खाली होतो. बाहेरून मागवणार असाल तर पॉवर सप्लायवरचा व्होल्टेजचा आकडा वाचल्याशिवाय प्लग लावू नका.

दहावी पायरी: वापरलेला मिक्सर तपासताना

बरोबर न्या: हेडफोन, लॅपटॉप, यूएसबी केबल, आणि फोनमधून लाइनला जोडणारी आरसीए केबल. एखादं टर्नटेबल तिथे असेल तर बरंच.

एकच गाणं एकेक करून प्रत्येक चॅनेलला लावा. दोन्ही बाजूंचा आवाज सारखा आहे का? केबल भोकात हलकेच हलवा. आवाज जात-येत असेल तर भोक सैल झालेलं आहे. फोनोत काही न वाजवता गेन थोडा वाढवून ऐका, हलकी सळसळ चालेल, घूं चालणार नाही. क्रॉसफेडर पूर्ण एका टोकाला नेऊन दुसऱ्या बाजूचं गाणं चालू ठेवा. पलीकडून बारीकसा आवाज झिरपत असेल तर फेडर झिजलेला आहे किंवा त्याची जुळणी बिघडलेली आहे. प्रत्येक नॉब पूर्ण फिरवा आणि खरखर ऐका. हेडफोनच्या भोकात प्लग हळू गोल फिरवा. माझ्या अनुभवात वापरलेल्या मिक्सरचं पहिलं दुखणं इथेच असतं. लॅपटॉप जोडून सगळे चॅनेल यूएसबीवरून वाजवा. मास्टर, बूथ, रेकॉर्ड, सगळी आउटपुटं एकेक करून ऐका. आणि मिक्सर अर्धा तास चालू ठेवा, काही बिघाड गरम झाल्यावरच दिसतात.

यातल्या फेडरच्या तक्रारीला भाव कमी करून घेता येतो, कारण बऱ्याच मिक्सरचे फेडर बदलता येतात. यूएसबी किंवा हेडफोनच्या सर्किटच्या तक्रारीला मात्र मी हात जोडून परत येते.

घरी आणल्यावर

सगळे नॉब मध्यावर, गेन मात्र पूर्ण खाली. सगळ्यात मोठ्या आवाजाचं गाणं लावा आणि गेन इतकाच वाढवा की गाण्याच्या जोरदार भागात चॅनेलचा मीटर हिरव्यातून नारंगीला जेमतेम शिवेल. लाल नको. डिजिटल मिक्सरमध्ये एका मर्यादेपलीकडे लाटेचं टोक सपाट कापलं जातं आणि पुढे मास्टर कितीही कमी केला तरी ते फाटलेपण आवाजात राहतंच. ॲनालॉग मिक्सर थोडा जास्त सहन करतो, पण सवय एकच ठेवा. आवाज कमी वाटला तर तो ॲम्प्लिफायरवर वाढवा, चॅनेलच्या गेनवर नाही.

मग परत करण्याची मुदत संपण्याआधी फोन पुन्हा वरून लावा, तासभर वाजवा, आणि नवा कागद घेऊन रेघा मारा. जुना कागद शेजारी ठेवा. पाठीमागे लिहिलेलं 'इथे अडलं' त्यातलं काय काय सुटलं ते एकेक करून खोडा. खोडता आलं नाही असं काही मोठं उरलं असेल तर मिक्सर परत करायला अजून वेळ आहे.

जुना मिक्सर मात्र लगेच विकू नका. दोन-तीन महिने तो केबलीसकट एका पेटीत ठेवा. नव्यात काही दुखणं असेल तर ते बहुधा याच काळात वर येतं, आणि ठरलेला सेट तेव्हा जुन्यावर वाजवता येतो.